म्हणे, ते आपल्यासारख्यांचं काम नाही

युरोपला जायचं तर टूर कंपनीबरोबर, नाहीतर घरी बसायचं, हे मत यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव-वणी भागात आता जवळजवळ शास्त्रवचन झालं आहे. पानठेल्यावर, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही विषय काढून पाहा. “कायले जाता बाप्पा स्वतःहून? टूरवाला सारं पाहून घेते. विमानतळावर झेंडा घेऊन उभा राहते, तिन्ही टाइम आपलं जेवण देते. थ्या स्वस्तातल्या लॉजमध्ये उतरसान, संडास दहा जणांत एक, भाषा तिकडची, अन् लुटल्या गेले त सांगसान कोणाले?” सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी नागपूर विमानतळाच्या आत पाऊल टाकलेलं नसतं, हा भाग वेगळा.

माझी चिडचिड होते ती हा सल्ला कोणाला दिला जातो ते पाहून. हौसेने स्वित्झर्लंडचा बर्फ बघायला निघालेल्या व्यापाऱ्याला कोणी अडवत नाही. अडवलं जातं ते एखाद्या मास्तरला, एसटीच्या कंडक्टरला, पाच-सात एकर कोरडवाहू असलेल्या बापाला. त्याची पोरगी राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेलेली असते आणि आता तिचा पदवीदान समारंभ असतो. अशी मुलं आता आपल्याही भागातून जाऊ लागली आहेत. राजू केंद्रे स्वतः शिष्यवृत्तीवर लंडनला शिकून आले आणि त्यांची ‘एकलव्य’ संस्था पहिल्या पिढीच्या पोरांना उच्च शिक्षणाची वाट दाखवते आहे, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. शिष्यवृत्ती मुलीची फी भरते, तिचा राहण्याचा खर्च भरते. आईबापाचं तिकीट भरत नाही. ते आईबापच जुळवतात. आणि तिकीट जुळल्यावर राहायचं कुठे, हा प्रश्न आला की चारचौघं पुढे सरसावतात आणि सांगतात, टूरने जा, नाहीतर समारंभ मोबाइलवर पाहा.

आता हा टूरचा उपाय किती शहाणपणाचा आहे ते बघा. पोरगी लंडनला. समारंभ लंडनला. टूर मात्र लंडनहून पॅरिस, पॅरिसहून ब्रुसेल्स, तिथून अॅमस्टरडॅम, मग जर्मनी, मग स्वित्झर्लंड अशी धावत सुटते. सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस. लंडनच्या वाट्याला दीड-दोन दिवस येतात, आणि ते समारंभाच्या तारखेलाच येतील असं कोणता टूरवाला लिहून देईल? शिवाय ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि शेंगेन देशांचा वेगळा, म्हणजे दोन अर्ज, दोन फिया. एका पोरीला भेटायला सहा देशांचं तिकीट काढणाऱ्याला आपण व्यवहारी म्हणायचं, आणि तिच्या कॉलेजपासून चालत जाता येईल अशी साधी खोली शोधणाऱ्याला वेडा?

तरी विरोधी पक्ष मी पूर्ण मांडतो, नाहीतर म्हणतील ऐकून घेतलं नाही. त्यांचं म्हणणं असं: आपल्या माणसाला तिकडचं काही जमत नाही. स्वस्त गेस्टहाऊस म्हणजे घाण आणि धोका. जेवणाचे हाल होतात. एवढ्या लांब जाऊन सामायिक बाथरूम वापरणं हे लाजिरवाणं. हिशेब केला तर टूरच स्वस्त पडते. आणि सगळ्यात शेवटी, आवाज जरा खाली आणून, ज्या जिल्ह्यात शेतकरी फास लावून घेतात तिथल्या माणसाने लंडनच्या खोल्यांची चौकशी करणं शोभत नाही.

‘जमत नाही’ हे आधी घेऊ, कारण बाकीचं सगळं यावरच उभं आहे. कोणाला जमत नाही? मराठीपलीकडे भाषा न येणारा आपला माणूस तिरुपतीला जातो, रामेश्वरला जातो, काशीला जातो. पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या बाजारात कापूस विकून येतो आणि तेलुगू व्यापाऱ्याशी घासाघीस करतो. तालुका न सोडलेली बाई नवऱ्याच्या गळ्यातली गाठ दाखवायला परळच्या टाटा रुग्णालयात जाते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा शोधून काढते, तिथे खोलीसाठी नंबर लावते, केस पेपर, रक्ताच्या बाटल्या, लोकलची गर्दी, सगळं महिनोन्‌महिने एकटी सांभाळते. त्या वेळी तिला कोणी म्हणत नाही की हे आपल्यासारख्यांचं काम नाही. दुःखासाठी अनोळखी शहरात खोली शोधायला आपण लायक आणि आनंदासाठी नालायक, हा न्याय कोणत्या पोथीत लिहिला आहे?

उलट त्या बाईने मुंबईत जे केलं त्याहून लंडनचं काम सोपं आहे. हीथ्रो विमानतळावरून पिकॅडिली लाइन नावाची भुयारी गाडी निघते. तीच गाडी अर्ल्स कोर्ट, रसेल स्क्वेअर, किंग्ज क्रॉस या स्टेशनांवर थांबते. आणि साध्या, जुन्या, परवडणाऱ्या गेस्टहाऊसांची दाटी नेमकी याच स्टेशनांच्या आसपास आहे. म्हणजे मधे एकही गाडी न बदलता माणूस विमानतळावरून खोलीच्या गल्लीत पोचतो. मारेगावहून नागपूरला जाताना करंजीला गाडी बदलणाऱ्याला हे जमणार नाही असं म्हणणारा माणूस एक तर लंडनला ओळखत नाही, नाहीतर मारेगावला.

आणि ‘आपल्यासारखे’ म्हणजे कोण? आपल्यासारख्यांपैकी एक माणूस शंभर वर्षांपूर्वी याच शहरात स्वस्त खोली घेऊन राहिला होता. डॉ. आंबेडकर 1920 साली अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून वाचवलेली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज, एवढ्या बळावर. उतरले एका बोर्डिंग हाऊसमध्ये. घरमालकीण कडक, नाश्त्याला पावाचा तुकडा आणि कपभर पातळसं पेय, पोट भरण्याची बातच नाही. रात्री वाचता वाचता भूक असह्य झाली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे, हा प्रसंग त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवला आहे. बसभाडं वाचवायला पायी चालायचे, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसायचे. त्यातून 1921 ला एम.एस्सी. आणि 1923 ला डी.एस्सी. मिळाली. जयंतीच्या मिरवणुकीत नाचणारे आपण, त्यांच्या लेकरांना मात्र सांगतो की लंडनमध्ये साध्या खोलीत राहणं आपल्या दर्जाला शोभत नाही. कोणत्या दर्जाला?

त्याच काळात, 1921-22 मध्ये, ते ज्या घरात भाड्याने राहिले ते 10, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने 2015 साली विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. पुढची गंमत फार जणांना ठाऊक नाही. तिथल्या कॅम्डन नगरपालिकेने घराचं संग्रहालय करायला परवानगी नाकारली. शेजाऱ्यांच्या तक्रारींत एक तक्रार अशी होती की बसगाड्या भरून माणसं येतात, फोटो काढतात, गलका करतात. चौकशी झाली, आणि अखेर मार्च 2020 मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. तक्रार करणाऱ्यांचा हेतू काय होता यात मी जात नाही. पण चाळीस जणांची बस दारात उभी करून वीस मिनिटांत आटोपणं, आणि चॉक फार्म स्टेशनला उतरून दोघांनी चालत जाणं, तासभर त्या खोल्यांत थांबणं, मग जवळच्या प्रिमरोझ हिलच्या टेकडीवर जाऊन बसणं, यातलं दर्शन कोणतं आणि हजेरी कोणती, हे आपल्याला कळायला हरकत नाही.

घाण आणि धोका. स्वस्त जागा घाणच असते हा नियम शेगावला जाऊन आलेल्या विदर्भातल्या माणसाने मांडावा, याचं मला खरोखर नवल वाटतं. गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवास स्वस्त आहे की नाही? आणि तिथल्या फरशीवर जेवायला बसता येईल की नाही? स्वच्छता भाड्याच्या आकड्यातून येत नाही, चालवणाऱ्याच्या शिस्तीतून येते. हातात खराटा घेऊन फिरणाऱ्या गाडगेबाबांनी हे आपल्याच वऱ्हाडात शिकवलं आणि गोरगरिबांसाठी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबईला धर्मशाळा बांधून दाखवलं. तिकडे पॅरिसमध्ये 2023 च्या शरद ऋतूत ढेकणांचा हाहाकार उडाला, तेव्हा चर्चेत फक्त स्वस्त हॉटेलं नव्हती. चित्रपटगृहं आणि रेल्वेचे डबेही होते. ढेकूण भाडं विचारून चावत नाही.

पण चौकशी करावी लागते, हे खरं, आणि ती कशी करायची हे न सांगता ‘धोका, धोका’ ओरडणाऱ्यांचाच मला राग आहे. किंग्ज क्रॉसजवळचा आर्गाइल स्क्वेअर किंवा व्हिक्टोरियाजवळचा बेलग्रेव्ह रोड घ्या. तिथली गेस्टहाऊसं म्हणजे एकोणिसाव्या शतकातली, भिंतीला भिंत लागलेली उभी घरं. जिना अरुंद आणि उभा. लिफ्ट बहुधा नाहीच, कारण घर वारसा यादीत असलं की परवानगीशिवाय तोडफोड करता येत नाही. तेव्हा गुडघेदुखी असलेल्या आईसाठी पहिला प्रश्न रंगरंगोटीचा नाही, मजल्याचा. खालच्या मजल्यावर खोली मिळेल का, हे बुकिंगच्या आधी लेखी विचारायचं. पण तळघरातली खोली देत नाही ना, तेही विचारायचं. स्वस्त भावात तळघर गळ्यात पडू शकतं. बाथरूम खोलीत की बाहेर, बाहेर असेल तर किती खोल्यांत एक. खोली दुपारी दोन-तीनला मिळते आणि आपलं विमान सकाळीच उतरतं, तर तोवर सामान ठेवून घेतात का. स्वागतकक्ष रात्री किती वाजता बंद होतो. नाश्ता भाड्यात धरला आहे का. थंडीत खोली गरम ठेवायची सोय कशी. बुकिंग रद्द करायची शेवटची तारीख कोणती. एवढं तुमची पोरगी दहा मिनिटांत ईमेलने विचारू शकते. ज्या गेस्टहाऊसकडून नीट उत्तर येत नाही त्याला सोडून द्यायचं. इतकं केल्यावर कसला धोका उरतो? लुटणारे आहेतच, फोटो चकचकीत, भाडं अर्धं आणि ‘पैसे थेट माझ्या खात्यात टाका’ असं म्हणणारा सापडला की समजायचं तिथे खोलीच नाही. पण हा फसवणुकीचा प्रकार आपल्याला नवा आहे का? बोगस बियाण्याच्या पाकिटाने जी माणसं आपल्याकडे बुडाली, त्यांच्यापुढे कोणी ‘पेरणीच करू नका’ असा सल्ला ठेवला नाही.

गेस्टहाऊसशिवाय आणखी दोन-तीन वाटा आहेत, त्या तर या सल्लागारांच्या गावीही नाहीत. फिट्झरॉय स्क्वेअरमधलं इंडियन वायएमसीए 1920 साली सुरू झालं तेच मुळी लंडनला येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना आसरा मिळावा म्हणून. आजही तिथे कोणालाही खोली घेता येते, आणि भात-वरण-भाजी मिळणारी खानावळ आहे. उन्हाळी सुट्टीत विद्यापीठांची वसतिगृहं रिकामी होतात; लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आपली हाय होबर्नसारखी वसतिगृहं त्या काळात बाहेरच्या पाहुण्यांना भाड्याने देते. बाबासाहेबांच्या कॉलेजच्या वसतिगृहात आईबापांनी आठ दिवस राहावं, याहून मोठा मान कोणती टूर देणार आहे? आणि यूथ हॉस्टेल. नाव ऐकून साठीचा माणूस बिचकतो. रिशार्ड शिरमान या जर्मन शिक्षकाने आपल्या शाळेतल्या पोरांसाठी 1909 मध्ये ही कल्पना काढली आणि 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं हॉस्टेल उघडलं, त्यामुळे नावात तारुण्य राहिलं. इंग्लंडच्या यूथ हॉस्टेल संघटनेत वयाची अट नाही, कुटुंबाला स्वतंत्र खोली मिळते. लंडनमधलं त्यांचं एक हॉस्टेल ब्रिटिश लायब्ररीच्या समोरच, सेंट पँक्रासला आहे. काही खाजगी हॉस्टेलं मात्र वयाची मर्यादा घालतात, ते वाचून घ्यावं.

सामायिक बाथरूमच्या लाजेबद्दल काय बोलावं! मोर्चासाठी, बदलीच्या अर्जासाठी, मंत्रालयातल्या फायलीसाठी मुंबईला गेलेला आपला माणूस उतरतो कुठे? आमदार निवासात. आमदाराचं पत्र, दोन पलंगांच्या खोलीत दहा-बारा माणसं, कोणी पलंगाखाली, कोणी दाराशी, आणि सकाळी संडासासमोर तांब्या घेऊन रांग. तिथून परत आल्यावर हेच लोक ‘साहेबांच्या रूमवर होतो’ असं छाती फुगवून सांगतात. लंडनमध्ये तीन खोल्यांत एक धुतलेलं, गरम पाण्याचं बाथरूम आलं की मात्र यांची इज्जत जाते. ही लाज बाथरूमची नाही. गावात परतल्यावर फोटो काय दाखवायचे, याची ती लाज आहे. फोटोत खोली येत नाही, हे तर लक्षात घ्या.

जेवणाचं एवढं रडगाणं मला समजतच नाही. टूरबरोबर स्वयंपाकी असतो, हे मोठं आकर्षण. म्हणजे आठ-दहा दिवस अनोळखी देशात राहून पनीर बटर मसाला खायचा, तोही वणीच्या लग्नातल्या चवीचा. युस्टन स्टेशनच्या मागे ड्रमंड स्ट्रीट नावाची गल्ली आहे, तिथे भेळपुरी, डोसा, थाळी मिळते आणि किंग्ज क्रॉस, रसेल स्क्वेअरजवळची गेस्टहाऊसं तिथून चालत जायच्या अंतरावर आहेत. हॉस्टेलात स्वतःचं शिजवायला स्वयंपाकघर असतं. घरून काय न्यायचं, याचं थोडं भान हवं: दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटन भारतातून आणू देत नाही, म्हणजे तूप, पेढे, खव्याची मिठाई घरीच ठेवा. जवसाची चटणी, भाजणी, बेसन खुशाल न्या. गेस्टहाऊसच्या खोलीत मात्र काही शिजवायचं नाही, भाजायचंही नाही. बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी पापड भाजले तेव्हा छताला धुराचा अलार्म नव्हता. आज पापड भाजलात तर सगळी इमारत खाली रस्त्यावर येईल.

पैशाचा मुद्दा उरला. बारा दिवसांत सात देश पाहायचे असतील तर टूर स्वस्त पडते. तेवढं मी मानतो, आणि ज्यांना तेच हवं आहे त्यांनी खुशाल जावं. पण एका शहरात आठ दिवस राहायचं असेल तर टूरच्या रकमेत तुम्ही कशाचे पैसे भरता ते पाहा. बसचे, बसच्या चालकाचे, टूर मॅनेजरचे, स्वयंपाक्याचे, मधल्या एजंटाचे, आणि वरून दर दिवसाच्या ठरलेल्या ‘टिप’चे. एवढे पैसे भरून झोपायला मिळतं ते शहराबाहेर, हमरस्त्याकाठच्या हॉटेलात, कारण बस उभी करायला जागा तिथेच असते. रात्री आठला खोलीवर पोचलात की चहू बाजूंनी गाड्यांचा रस्ता. खाली उतरून चहा प्यायचीही सोय नाही. लंडन पाहिलं असं मग कोणत्या तोंडाने सांगायचं? उलट आपल्या पायांवर राहिलं तर ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट अशी मोठमोठी संग्रहालयं फुकट आहेत. बस आणि भुयारी गाडीत बँकेचं कार्ड टेकवून चढायचं. एका दिवसात ठरलेल्या रकमेच्या वर भाडं कापलंच जात नाही. युरोपातल्या इतर अनेक शहरांत मुक्कामावर नगरपालिकेचा कर बसतो, अॅमस्टरडॅममध्ये तर 2024 पासून भाड्याच्या साडेबारा टक्के, तेव्हा तिकडे जाणाऱ्याने खोलीच्या भावात तो धरला आहे का ते पाहावं. आणि जुलै-ऑगस्ट किंवा नाताळचे दिवस असतील तर भाव चढतात. समारंभ नेमके जुलैत आणि डिसेंबरात असू शकतात, म्हणून तारीख कळताच खोली पाहायची. टूरशिवाय व्हिसा मिळत नाही, ही एक पुडी एजंट सोडतात. ब्रिटनला हॉटेलच्या बुकिंगचे कागद जोडावेच लागत नाहीत. कुठे राहणार, खर्च कोण करणार आणि परत का येणार, हे पटलं पाहिजे. त्यासाठी बँकेचा उतारा, सातबारा, नोकरीचा दाखला आणि मुलीच्या विद्यापीठाचं समारंभाचं पत्र पुरेसं बोलतात. शेंगेन देशांना मुक्कामाचा पुरावा आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो, पण त्यांनीही टूर कंपनीची पावती कुठे मागितली आहे?

आता तो खालच्या आवाजातला आक्षेप. ‘आत्महत्यांच्या जिल्ह्यात हे शोभत नाही.’ हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्या घरांचं दुःख कोणी कमी लेखू नये, मीही लेखत नाही. पण हे वाक्य बोलतं कोण? लेकीच्या लग्नात पाचशे पत्रावळ्या आणि बँडबाजा लावण्यासाठी सावकाराकडे जा म्हणणारेच हे. लग्नाच्या कर्जाला कोणी ‘शोभत नाही’ म्हणत नाही. लेक शिकली, तिची पदवी डोळ्यांनी पाहावी म्हणून वाचवलेल्या पैशातून आईबापाने साधी खोली घ्यायची म्हटली की मात्र सगळ्यांना जिल्ह्याचं दुःख आठवतं. कर्ज काढून जा असं मी कुठे म्हणतो? कर्ज काढावं लागू नये म्हणूनच तर गेस्टहाऊस आहे! टूरचा खर्च ज्याच्या आवाक्यात नाही त्याच्यासाठी हाच एक मार्ग उघडा आहे, आणि तोच मार्ग तुम्ही ‘शोभत नाही’ म्हणून बंद करता. म्हणजे उरला कोण जाणारा? जो आधीपासून जातच होता तो.

शिवाय विलायतेशी आमचा संबंध नवा आहे का? अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865 दरम्यान, तिकडचा कापूस थांबला तेव्हा लिव्हरपूलच्या बाजाराने वऱ्हाडाकडे पाहिलं. पुढे इथे जिनिंग-प्रेसिंग आले, कापूस उचलायला यवतमाळ-मूर्तिजापूर ही छोटी रेल्वे आली. आमच्या काळ्या मातीतली बोंडं विलायतेला पोचली, तिथल्या गिरण्यांत राहिली, कापड होऊन परत आली. कापसाला जे शोभलं ते तो पिकवणाऱ्याला शोभत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपण कोणाच्या बाजूने बोलतो आहोत ते एकदा तपासावं. मीना प्रभूंची प्रवासवर्णनं आमच्या वाचनालयांतून झिजेपर्यंत वाचली गेली. ती वाचून ‘वा, काय हिंमत’ म्हणायचं आणि शेजारच्या घरातलं कोणी निघालं की पाय ओढायचा, हे बरं जमतं आपल्याला.

हा सल्ला काळजीपोटी दिला जातो, असं कोणी म्हणेल. काळजी असती तर प्रश्न आले असते: कितव्या मजल्यावर खोली आहे, स्टेशनपासून किती अंतर, औषधाची चिठ्ठी सोबत घेतली का, पोरीचा नंबर कागदावर लिहून ठेवला का. असे प्रश्न विचारणारा एकही सल्लागार मला भेटलेला नाही. भेटतात ते निकाल देणारे. ज्या वाटेने आपण गेलो नाही त्या वाटेने शेजारचा कंडक्टर जाऊ नये, एवढाच त्या निकालाचा अर्थ. साधी खोली, स्वतः विचारलेले प्रश्न, हातात शहराचा नकाशा आणि सोबत शिकलेली लेक, एवढ्यावर मारेगावचा माणूस लंडनमध्ये मानाने राहू शकतो. कोणाच्या झेंड्यामागे चालण्याची त्याला गरज नाही.

तेव्हा ज्यांची मुलं तिकडे शिकत आहेत त्यांना एवढंच सांगणं. विद्यापीठ समारंभाची तारीख आधी कळवतं. ती कळली की पासपोर्टची मुदत पाहा, पोरीला फोन लावा आणि तिच्या कॉलेजपासून बसने अर्ध्या तासाच्या आत, खालच्या मजल्यावरची, रद्द करता येईल अशी खोली शोधायला सांगा. पानठेल्यावर सांगायचं ते परत आल्यावर सांगा.